उपेक्षिलेले गुलाबाचे झाड

शास्त्रपाठ : लूक १३ : ६–९

आपल्या प्रभूने सांगितलेला हा दाखला केवळ चार वचनांचा आहे. एका मनुष्याच्या द्राक्षमळ्यात अंजिराचे झाड होते. तीन वर्षे तो फळाच्या आशेने येत राहिला आणि तीनही वेळा रिकाम्या हाताने परत गेला. शेवटी त्याने माळ्यास ते तोडावयास सांगितले, कारण चांगली जमीन त्याच्याखाली गुंतून पडली होती. मालकाचे हे म्हणणे अन्यायाचे नव्हते, ही गोष्ट आपण प्रथम कबूल केली पाहिजे. ज्यांच्यापाशी जमीन थोडी व पाणी त्याहून थोडे, त्यांस ती समजावून सांगावी लागत नाही. माळीदेखील वाद घालीत नाही. झाड चांगले आहे असे तो म्हणत नाही, किंवा धन्याची नजर चुकली असेल असेही सुचवीत नाही. तो एका वर्षाची मुदत मागतो, आणि त्या वर्षात आपण भोवतालची जमीन खणू व खत घालू, असे सांगतो. दुसऱ्यासाठी रदबदली करणारे पुष्कळ भेटतात. परंतु रदबदलीबरोबर आपले खोरे आणि आपला घाम देऊ करणारा विरळा.

गुलाबाविषयी बोलावयाचे तर गुलाबाचेच वचन का घेतले नाही, असे कोणी विचारील. जुन्या इंग्रजी बायबलात गीतरत्नाच्या दुसऱ्या अध्यायात व यशयाच्या पस्तिसाव्या अध्यायात गुलाबाचे नाव आहे खरे. परंतु तेथील मूळ इब्री शब्द कंदातून उगवणाऱ्या एखाद्या रानफुलाचा असावा, असे भाषापंडितांचे मत आहे. त्या फुलाला आपण आपल्या पदरचे काटे लावू नयेत. अंजिराचा दाखला आपल्या कामास अधिक पडेल, कारण त्यात खणणे आहे, खत आहे, आणि तोडून टाकण्याचा हुकूमही आहे.

आता येडशीकडे वळू. हे गाव बालाघाटाच्या डोंगरांत वसले आहे. पावसाळ्यात रामलिंगाच्या घाटातील रान असे हिरवे होते की, दूरदूरची माणसे ते पाहावयास येतात. १९९७ साली सरकारने ते अभयारण्य ठरविले. परंतु तेच रान फाल्गुनात पाहावे. पाने गळून गेलेली, फांद्या राखेच्या रंगाच्या, आणि खाली तापलेला मुरूम. जेथे मुरूम आहे तेथे पाणी ठरत नाही, आणि जेथे काळी जमीन आहे तेथे पावसात ते निघत नाही व उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची आगगाडी गेली, ती ह्याच येडशीवरून. पहिल्या खेपेस दहा वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर पाणी गेले. ज्या मुलखातून पिण्याचे पाणी आगगाडीत बसून प्रवास करते, तेथे एका फुलझाडास पाणी का मिळाले नाही, असा प्रश्न रागाने विचारण्याचा अधिकार कोणासही नाही.

आमच्या प्रार्थनेच्या खोलीला लागून एका कुटुंबाचे अंगण आहे. त्या अंगणात एका आजीने नातीच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी गुलाबाचे कलमी रोप लावले होते. रोप बार्शीच्या बाजारातले, फूल तांबडे. मुलगा व सून दरवर्षी दसऱ्यानंतर मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडणीस जात, आणि आजी नातवंडांसह घरी राही. म्हातारी होती तोवर घरात दिवा होता आणि झाडाला भांडी धुतल्याचे पाणी होते. ती प्रभूमध्ये निजली, तेव्हापासून मुलांनाही बैलगाडीत बसवून न्यावे लागले. उचल फिटली नाही म्हणून उन्हाळ्यात ते वीटभट्टीवर राहिले, आणि पुन्हा दसरा आला. असा तीन वर्षे घराला कुलूप राहिला. अधूनमधून कोणी येऊन पत्रा नीट करून जाई, इतकेच.

गेल्या आश्विनात मंडळीच्या पंचांची सभा भरली. तीत दोन प्रश्न निघाले. नाताळच्या मांडवास जागा हवी म्हणून शेजारच्या अंगणातील ते काटेरी खराटे उपटून टाकावे काय, हा एक. कुटुंबाकडे विचारणा करून परवानगी मिळविता येईल, असेही कोणी म्हणाले. दुसरा प्रश्न असा की, तीन वर्षे जे प्रभुभोजनास आले नाहीत आणि ज्यांची वर्गणी नाही, त्यांची नावे मंडळीच्या पटावर का ठेवावी? एकाच कागदावर हे दोन प्रश्न लिहिलेले मी पाहिले. कोणीही दुष्टपणाने बोलत नव्हते. पट खरा असावा, त्यात नुसती नावे भरलेली नसावीत, ही इच्छा चांगली आहे. तरी लूकचा तेरावा अध्याय ज्याने वाचला आहे, त्याला त्या कागदावर हात ठेवून जरा थांबावेसे वाटेल. मी पंचांपाशी दोन्ही बाबतींत एका वर्षाची मुदत मागितली, आणि तेथील उपदेशक बंधूंनी व मी ते झाड हाती घेतले.

सेमिनरीत ग्रीक शिकवितात, कात्री धरावयास शिकवीत नाहीत. म्हणून शेजारच्या द्राक्षबागेत काम करणाऱ्या एका गृहस्थांस आम्ही बोलावले. ते आपल्या मंडळीतील नव्हेत. पण एप्रिलची व ऑक्टोबरची छाटणी करण्यात त्यांचे आयुष्य गेले आहे. त्यांनी झाडाकडे पाहिले आणि कात्री बाहेर काढण्याच्या आधी नखाने एका फांदीची साल खरवडली. आत तपकिरी व कोरडे निघाले. दुसऱ्या फांदीची खरवडली; तीही तशीच. जमिनीपासून वीतभर उंचीवर तिसऱ्या ठिकाणी नख लावले तेव्हा सालीखाली ओलसर हिरवी रेघ दिसली. ते इतकेच म्हणाले, “आहे.”

वाचकहो, नवशिक्या माळ्याची पहिली विद्या ही आहे. वरून पाहता सगळ्या फांद्या एकाच रंगाच्या दिसतात. जो घाईने निवाडा करतो तो एकतर सगळे झाड उपटतो, नाहीतर दयेच्या भरात एकही फांदी न तोडता वाळक्या लाकडाला पाणी घालीत बसतो. मेलेले किती व जिवंत किती, हे खरवडल्यावाचून कळत नाही, आणि खरवडण्यास जवळ जावे लागते. पट पुढे घेऊन बसलेल्या माणसास ही हिरवी रेघ दिसणे शक्य नाही. म्हणून मी उपदेशक बंधूंस म्हणतो की, ज्याचे नाव काढावयाचे आहे त्याच्या दारी आधी जाऊन या. आणि दार बंद असेल तर तो जेथे गेला असेल तेथे जा.

मेलेले लाकूड मात्र काढलेच पाहिजे. गुलाबात शेंडा वाळण्याचा रोग वरून खाली उतरतो. आज चार बोटे काळे पडले तर पुढल्या महिन्यात वीतभर पडते. ह्यासाठी जेथे फांदीचा गाभा पांढरा व ताजा लागेल तेथवर खाली उतरून छाटावे. बाहेरच्या बाजूस तोंड असलेला डोळा निवडावा, आणि त्याच्यावर पाव इंच राखून काप तिरपा घ्यावा, म्हणजे पाणी डोळ्याकडे न साचता मागे घसरेल. पाऊस संपल्यावर, आश्विन-कार्तिकात, ही छाटणी आपल्या मुलखात करतात. धारदार कात्री हवी. बोथट हत्याराने फांदी चिंबते आणि चिंबलेल्या जागी रोग शिरतो. मंडळीत शिस्त लावताना आपण कित्येकदा बोथट कात्री वापरतो. जे एकदा स्पष्ट व प्रेमाने बोलावयाचे, ते चार महिने कुजबुजत राहतो.

कापलेल्या तोंडांस मोरचूद व चुना ह्यांचा लेप लावतात. १०० ग्रॅम मोरचूद व १०० ग्रॅम कळीचा चुना निरनिराळ्या प्लास्टिकच्या अथवा मातीच्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करावा. सर्व मिळून पाणी एक लिटर. लोखंडी भांडे घेऊ नये. ह्या औषधाचा इतिहास गमतीचा आहे. फ्रान्स देशात बोर्दो प्रांती रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर मळेवाले मोरचूद-चुन्याचे निळे पाणी शिंपडीत, ते वाटसरूंनी द्राक्षे चोरू नयेत म्हणून. मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आले की, जेथे हे शिंपडले आहे तेथील वेलींना केवडा रोग झालेला नाही. त्याने प्रयोग केले आणि १८८५ साली ते औषध म्हणून प्रसिद्ध केले. चोरांच्या भयाने जे उपजले ते जगातल्या माळ्यांचे औषध झाले. आपल्या द्राक्षबागांतून ते अद्याप वापरात आहे.

झाड पुरते जळाले तरी आशा असते काय? ईयोबाच्या चौदाव्या अध्यायात तो दुःखी मनुष्य म्हणतो की, तोडलेल्या झाडाचे मूळ जमिनीत म्हातारे झाले असले, तरी पाण्याचा नुसता वास लागताच त्याला अंकुर फुटतात. ईयोब हे मनुष्याच्या निराशेशी ताडून पाहण्यास बोलला. पण झाडाविषयी त्याने सांगितले ते खरे आहे. जर्मनीत हिल्डेसहाइम नावाचे शहर आहे. तेथील मोठ्या मंदिराच्या मागील भिंतीवर एक रानगुलाब चढलेला आहे, आणि तो हजार वर्षांचा म्हणून प्रसिद्ध आहे. २२ मार्च १९४५ रोजी त्या शहरावर बाँबवर्षाव झाला. मंदिर कोसळले, गुलाब जळून गेला, त्याच्या बुंध्यावर दगडमातीचा ढीग पडला. आणि त्याच वसंतात त्या ढिगाऱ्यातून नवे कोंब वर आले. ज्या लोकांची घरे नव्हती, त्यांनी ते येऊन पाहिले. तो गुलाब आजही त्या भिंतीवर फुलतो.

ही गोष्ट ऐकून पुष्कळांचा कंठ दाटतो, आणि ती सांगून आपण प्रवचन संपवितो. पण येडशीच्या झाडापाशी बसल्यावर मला तिच्यापुढे आणखी एक गोष्ट सांगणे भाग आहे. हिल्डेसहाइमचा गुलाब रानगुलाब आहे; तो आपल्याच मुळावर उभा आहे. मुळातून जे फुटले ते तेच झाड होते. आपल्या अंगणातला बाजारी गुलाब तसा नसतो. खाली एका काटक जातीचा खुंट असतो, आणि त्यावर चांगल्या फुलाच्या जातीचा डोळा भरलेला असतो. जमिनीलगत गाठीसारखी जी फुगीर जागा दिसते, ती ह्या दोहोंची सांधणूक. गाठीच्या वर जे फुटेल ते आजीने लावलेले तांबडे फूल. गाठीच्या खाली जे फुटेल तो खुंटाचा रानटी फुटवा.

आमच्या झाडाला खाली दोन फुटवे होते. आणि सबंध झाडात हिरवे, टवटवीत, पुरुषभर उंच असे तेच दोन होते! रस्त्याने जाणारा कोणीही म्हणाला असता की, वाळलेले काढा आणि हे राखा. सात पानांचा तो रानटी व पाच पानांचा तो खरा, अशी एक खूण लोक सांगतात. ती नेहमी खरी ठरत नाही. पानांच्या संख्येवर विसंबू नये. बोटांनी माती उकरावी आणि फुटवा कोठून निघाला आहे ते पाहावे. आम्ही उकरले. दोन्ही गाठीच्या खालून, मुळाच्या अंगाने आलेले होते. झाडाने तीन वर्षे जे थोडेसे पाणी जमिनीतून ओढले, त्याचा बहुतेक भाग ह्या दोघांनी पिऊन टाकला होता, आणि वरचा डोळा उपाशी होता. असे फुटवे कात्रीने वरच्यावर छाटल्यास एकाचे दोन होतात. माती दूर सारून मुळापाशी धरावे आणि खाली ओढून समूळ फाडून काढावे. हात सोलतो, पण उपाय तोच.

पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात जैतुनाच्या कलमाचा दृष्टान्त आहे, तो तुम्हांस आठवेल. तेथे रानटी फांदी चांगल्या झाडावर लावलेली आहे, आणि हे झाडांच्या रीतीच्या उलट आहे असे तो स्वतःच म्हणतो. माळ्याची रीत दुसरी आहे : रानटी मुळावर चांगला डोळा. आपल्या गावोगावच्या मंडळ्यांची आजची स्थिती मला ह्या दुसऱ्या रीतीने अधिक नीट समजते. आपल्यातील कित्येकांच्या आजोबा-पणजोबांच्या काळी सुवार्तेचा डोळा आपल्या घराण्यांत भरला गेला. डोळा चांगला, पण खाली मूळ जुनेच आहे. मंडळीची हेळसांड झाली, दोन-चार वर्षे कोणी पाहिले नाही, म्हणजे ती ओसाड होते असे आपण समजतो. तसे होत नाही. ती फुटते. जातीचा अभिमान फुटतो, भाऊबंदकीचे वैर फुटते, आम्ही आधीचे आणि तुम्ही मागाहूनचे हा भेद फुटतो, मंदिराच्या जागेवरून दावे फुटतात. आणि हे सगळे हिरवे असते! सभा गच्च भरतात, आवाज चढतात, निवडणुकीच्या दिवशी तर उत्साह पाहून घ्यावा. मी एका मंडळीत पाहिले आहे की, वर्षभर प्रार्थनेस न येणारे लोक पंच निवडण्याच्या दिवशी बाराजणांना गाडीत घालून घेऊन आले. बाहेरच्याला वाटावे, मंडळीचे पुनरुज्जीवन झाले. त्या हिरवेपणावर फूल कधी येत नाही, असेही नाही. खुंटालाही आपले बारीक फिके फूल येते. पण ते आजीने लावलेले फूल नव्हे.

आणि जे खरोखर वरच्या डोळ्याचे आहे ते अशा वेळी काळे पडलेले, खुरटलेले, खराट्यासारखे दिसते. ऊसतोडणीस गेलेले ते घर तसेच आहे. त्यांच्याकडून आवाज नाही, वर्गणी नाही, मत नाही.

फुटवे काढल्यावर खत घालण्याची घाई होते. गावात युरियाची पिशवी कोपऱ्यात असते आणि मूठभर टाकावयास हात शिवशिवतो. दुबळ्या मुळांना ते जाळते. आधी पाणी, मग पालवी, आणि पालवी निघाल्यावर कुजलेले शेणखत व पसाभर निंबोळी पेंड, हा क्रम त्या गृहस्थांनी घालून दिला. गुलाबाची अन्न ओढणारी मुळे वरच्या थरात असतात, म्हणून खोरे बाजूस ठेवून खुरप्याने दोन-तीन बोटे माती मोकळी करावी. आळे बुंध्याला चिकटून न करता हातभर दूरवर पसरावे. रोज तांब्याभर पाणी शिंपडल्याने वरचा थर तेवढा भिजतो व मुळे वरच राहतात. त्यापेक्षा चार-पाच दिवसांनी दोन बादल्या सावकाश जिरू द्याव्या. वरून उसाचे पाचट पसरावे, म्हणजे ओल टिकते. पाचट आणताना मला त्या कुटुंबाची आठवण झाली. फडात दिवसभर ज्या पाचटाने त्यांचे हात चिरत असतील, तेच इथे त्यांच्या झाडाच्या मुळांवर पांघरूण म्हणून पडले.

नवी पाने निघाली ती पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. आम्ही घाबरलो, गृहस्थ हसले. आपल्या चुनखडीच्या जमिनीत हा प्रकार नेहमीचा आहे. जमिनीत लोह असते, परंतु चुन्यामुळे ते बांधलेले राहते आणि मुळांना घेता येत नाही. ताट भरलेले आणि घास तोंडाशी जात नाही, अशी अवस्था. हिराकस जमिनीत टाकल्यास तीही तशीच बांधली जाते, म्हणून लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम विरघळवून ते पानांवर संध्याकाळी फवारतात. ह्यात मला उपदेशकांसाठी एक गोष्ट दिसते. आपण म्हणतो, त्यांच्या घरी शास्त्र आहे, त्यांनी वाचावे. शास्त्र कुलूपबंद घरात पेटीत आहे. फडावरून रात्री नऊला परत आलेल्या स्त्रीने चुलीच्या उजेडात ते कसे वाचावे? जे मुळावाटे पोचत नाही ते पानांवर पोचवावे लागेल. आमच्या उपदेशकांनी लूकचे एकेक प्रकरण आपल्या आवाजात वाचून मोबाइलवर धाडण्यास सुरुवात केली. प्रत्येक सुमारे पाच मिनिटांचे. भाकरी थापताना ऐकता येते.

मार्गशीर्षात ते स्वतः जाऊन आले. कारखान्याजवळ मोकळ्या रानात कोप्या ठोकलेल्या आहेत. तेथे रविवार नाही. नवरा व बायको मिळून एक कोयता धरला जातो. एक आजारी पडला तर कोयता मोडला, आणि खाडा उचलीत लिहिला जातो. ट्रक रात्री येतो तर रात्री भरावा लागतो. उपदेशकांनी विचारले, प्रार्थनेस का येत नाही? मग त्यांनीच मला सांगितले की, हा प्रश्न विचारून संपण्याच्या आत त्यांना त्याची लाज वाटली. ते तेथे दोन दिवस राहिले. पहाटे चारला फडाकडे निघण्यापूर्वी कोपीसमोर उभे राहून सर्वांनी प्रार्थना केली, आणि शेजारच्या कोप्यांतील तीन बायका मुकाट्याने येऊन मागे उभ्या राहिल्या. पटावर उपस्थितीचा जो रकाना आहे, त्यात हे कोठे लिहावे, ते पंचांनी सांगावे.

नाताळ जवळ आला तसतसे मंडळीचे लक्ष झाडाकडे लागले. छाटणीपासून साधारण सहा-आठ आठवड्यांनी गुलाब फुलतो, आणि खरेच, मार्गशीर्षाच्या अखेरीस वरच्या डोळ्याच्या फांद्यांवर पाच कळ्या दिसू लागल्या. मेजावर ठेवण्यास आपल्याच अंगणाची फुले, ह्या विचाराने मुले हरखून गेली. त्या गृहस्थांनी पाचही कळ्या बोटांनी खुडून टाकल्या. उठलेल्या झाडाने पहिली ताकद फुलात घालविली तर ते फाल्गुनाचे ऊन सोसणार नाही. आधी पाने, आधी लाकूड. मुले रडली. एक वडीलधाऱ्या बाई तर माझ्यावर फार रागावल्या, आणि त्यांचा राग मला समजतो.

परंतु मंडळीत आपण काय करतो? दोन वर्षे दूर राहिलेला मनुष्य एका रविवारी मागच्या सतरंजीवर येऊन बसतो, आणि त्याच दिवशी आपण त्याला साक्ष देण्यास उभा करतो. तो रडतो, आपण टाळ्या वाजवितो, त्याचे नाव पत्रकात छापतो. पुढच्या महिन्यात तो दिसत नाही. त्याला पाने आलेली नव्हती. परत येणाऱ्यास निदान वर्षभर कोणीही काही मागू नये. ना साक्ष, ना वर्गणी, ना पंचाचे काम. तो बसला आहे, एवढे पुरे. ह्या माझ्या मतास माझे कित्येक सहकारी अनुकूल नाहीत, हे मी जाणतो. ते म्हणतात, काम दिल्यावाचून मनुष्य टिकत नाही. निरोगी झाडाबाबत त्यांचे म्हणणे बरोबर आहे.

माघात दुसऱ्यांदा कळ्या आल्या. त्यांतील दोन राखल्या, आणि त्या फुलल्या. तांबड्या, आजीच्या. भुरीचा पांढरा थर काही पानांवर आला होता. ती पाने काढून जाळली. उपदेशकांनी फुलांचे छायाचित्र मोबाइलवर कोपीवर पाठविले. ज्या नातीच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी झाड लावले होते, तिने ते शेजाऱ्यांस दाखविले असे कळते. तिच्या आईने मात्र एकच प्रश्न परत पाठविला : पाणी कोण घालते?

प्रभूने आपला दाखला जेथे सोडला आहे, तेथे ते अंजीर पुढल्या वर्षी फळले की नाही, हे सांगितलेले नाही. माळ्याने मागितलेले वर्ष मिळाले की नाही, हेदेखील नाही. येडशीच्या झाडाचेही अद्याप काही म्हणता येत नाही. आता फाल्गुन आहे, गावात टँकरच्या गोष्टी सुरू झाल्या आहेत, आणि कुटुंब पाडव्याच्या सुमारास येईल की पुन्हा भट्टीवर जाईल, हे उचलीच्या हिशेबावर आहे. आश्विनात पंच पुन्हा बसतील, तेव्हा पट समोर असेल.

त्या बाईंना उत्तर द्यावयाचे म्हणून प्रार्थनेच्या खोलीच्या दारावर एक कागद लावला आहे. आठवड्याला एक घर, घरामागे दोन वेळा दोन-दोन बादल्या. ज्या वडीलधाऱ्या बाई रागावल्या होत्या त्यांनी पहिले नाव लिहिले. वैशाखापर्यंतचे आठवडे त्यावर आखले आहेत, आणि चैत्रातील तीन अजून रिकामे आहेत.